अंतराचा रकाना

गावाच्या पाहणीच्या फॉर्मात एक साधा रकाना असतो : जवळच्या बाजारपेठेचे अंतर, किलोमीटरमध्ये. एप्रिल १९८९ पासून बँकांनी सेवाक्षेत्र योजना राबवली, तेव्हा ग्रामीण शाखांना ठरावीक गावे नेमून दिली गेली आणि आम्हा अधिकाऱ्यांना दारोदार हिंडून असे फॉर्म भरावे लागले.

उजनीच्या पाणफुगवट्याकाठी मात्र हाच रकाना अडतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीचा जलाशय झाला. करमाळा तालुक्यातल्या कुगावच्या पलीकडे इंदापूर तालुका आहे. पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचे तर भलामोठा वळसा पडतो. मग अंतर लिहायचे कोणते? नावेचे की एसटीचे?

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब पोटात जाणाऱ्या उष्मांकांवरून मांडला. तो हवाच होता. पण वाटेचा खर्च त्यात वेगळा दिसत नाही. बँकेचा व्याजदर दोन्ही काठांना सारखाच. पण कागदासाठी तीन खेपा पडल्या की तीन दिवसांची मजुरी बुडते, शिवाय भाडे जाते ते वेगळेच. छोट्या कर्जाला हा भार व्याजाहून जड होतो. सावकार चढ्या दराने देतो, पण दारात येऊन देतो. त्याचे दुकान चालते ते यामुळेच.

काठावर ऊस उभा राहिला, हे खरे. पण ज्याला पंप आणि पाइपलाइन परवडली, त्याच्या शेतात. मासेमाराची गोष्ट निराळी. मासा थांबत नाही. बाजार लांब असला की भाव घेणाराच ठरवतो.

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेही होती. ती माणसे हौसेने पाण्यावर गेली नव्हती; जवळची वाट तीच होती.

कुगाव–शिरसोडी पूल मंजूर झाला आहे. आज पैसे मोबाइलवर पोहोचतात. अडलेली बाळंतीण पोहोचत नाही. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी किलोमीटरच्या पुढे आणखी तीन प्रश्न लिहावेत : पावसाळ्यात जाता येते का? रात्री जाता येते का? आणि जाण्यायेण्यात किती मजुरी बुडते? गरिबीचा बराचसा हिशेब या तीन उत्तरांत सापडेल.