पाण्यावरची नारिंगी निशाणी

निवृत्तीनंतर समुद्राखालचे जग पाहावे, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ ज्येष्ठांच्या मनात असते. तारकर्ली-मालवणला हौसेने एकदा पाण्याखाली गेलेले काही जण पुढे रीतसर प्रशिक्षण घेतात आणि अंदमानपर्यंत जाऊन येतात. त्यासाठीच्या वैद्यकीय अर्जावर सही घेण्यास ते आम्हा डॉक्टरांकडे येतात, तेव्हा रक्तदाब, हृदय आणि दमा यांची चौकशी होतेच. त्याच वेळी एका लहानशा साधनाचीही ओळख आपण करून घ्यावी. ते साधन म्हणजे सरफेस मार्कर बोया. पाणबुड्यांच्या बोलीत 'एसएमबी'.

पाण्यातून वर येणाऱ्या माणसाचे डोके लाटांमध्ये दुरून दिसत नाही, आणि यांत्रिक नौकांची तर सतत ये-जा असते. म्हणून पाणबुड्या खालूनच ही लांबट पिशवी फुगवून दोरीसह वर सोडतो. ती पाण्यावर उभी राहिली की नौकांना इशारा मिळतो. नवख्याबरोबर असलेला प्रशिक्षक ती बाळगतो. स्वतंत्रपणे उतरणाऱ्याने मात्र ती स्वतः वापरता आली पाहिजे.

निवड करताना

रंग नारिंगी किंवा भडक पिवळा असावा, लांबी १.२ ते १.८ मीटर. प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असल्यास उत्तम. तळाशी उघडी असणारी पिशवी भरण्यास सोपी, परंतु पाण्यावर कलंडली की तिच्यातील हवा निसटते. तळाशी एकमार्गी झडप असलेली पिशवी हवा धरून ठेवते. जादा हवा आपोआप सोडणारी दुसरी झडपही हवीच. दोरीची फिरकी खोलीपेक्षा लांब असावी. १० मीटरसाठी १५ मीटर दोरी ठीक.

संधिवाताने बोटे आखडली असतील, तर दुकानातच हातमोजे घालून झडप उघडून पाहावी व फिरकी फिरवून पाहावी. कवळी सैल असल्यास तोंडाने फुंकणे अवघड जाते. अशांनी श्वसननळीतून म्हणजे रेग्युलेटरमधून हवा भरता येणारा प्रकार घ्यावा. मात्र फुंकण्याइतका दमच उरला नसेल, तर साधन बदलून प्रश्न सुटत नाही. आधी फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी.

फुगविताना

प्रथम वर पाहावे, नौकेचा आवाज येतो का ते ऐकावे. जोडीदार जवळ असावा, शरीर पाण्यात स्थिर असावे. फिरकी हातात धरावी. ती अंगावरच्या पट्ट्याला कधीही अडकवू नये. एक लिटर हवा सुमारे एक किलो भार वर उचलते. दोरी गुंतली, तर फुगलेली पिशवी माणसालाही वर खेचून नेते. फिरकी हातात असेल तर ती तत्काळ सोडून देता येते.

पिशवी पूर्ण भरण्याची गरज नसते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली दोन लिटर हवा वर येईपर्यंत चार लिटर होते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेला हा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे.

वाचकहो, हाच नियम आपल्या फुफ्फुसांनाही लागू आहे. पिशवीला जादा हवा सोडणारी झडप असते, फुफ्फुसांना तशी झडप नाही. पिशवी भरण्याच्या गडबडीत श्वास रोखला गेला आणि शरीर थोडेसे जरी वर सरकले, तरी फुगलेले फुफ्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. उथळ पाण्यातही हे घडते. म्हणून रेग्युलेटर तोंडात असता श्वासोच्छ्वास अखंड चालू ठेवावा आणि तो तोंडातून काढला असता बारीक बुडबुडे सोडत राहावे. ही क्रिया तरणतलावात सवयीची होईपर्यंत करावी, मगच समुद्रात.

नौकेत बसलेल्या कुटुंबीयांसाठी

निशाणी वर आली म्हणजे माणूस लगेच वर येईल, असे नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक नसावा, आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. तेव्हा पाच-सहा मिनिटे धीर धरावा.

वर आल्यावर छातीत दुखणे, धाप लागणे, हातापायांना मुंग्या येणे, बोलणे अडखळणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे, यांपैकी काहीही दिसले तर ती वयाची थकावट समजू नये. रुग्णास आडवे झोपवून नौकेवरील प्राणवायू सुरू करावा व तातडीने रुग्णालय गाठावे. ज्येष्ठाच्या छातीत दुखते म्हटले की आम्हा डॉक्टरांच्या मनात प्रथम हृदयविकार येतो. म्हणून 'हे आज पाण्याखाली गेले होते' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. उपचारांची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते.