मर्सिडीज आणि पडद्याची स्प्रिंग

वीस वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवण्याची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये दुप्पट केली, तेव्हा चर्चा झाली ती मोटारसायकलच्या दोन हजारांची आणि साध्या मोटारीच्या दहा हजारांची. त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ होती : आयात केलेली चारचाकी, ८० हजार रुपये. मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांत स्टिल्टखाली कव्हर पांघरून उभ्या असलेल्या ‘थर्ड ओनर’ मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यूंच्या मालकांच्या पोटात गोळा आला तो या ओळीमुळे.

त्यातल्या बऱ्याच जणांनी उगाच घाबरून घेतलं. बोनेटवर चांदणी आहे म्हणजे गाडी बोटीतून उतरली असं नव्हे. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ ची. १९९५ पासून तिच्या ई-क्लास आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात जोडल्या जात होत्या. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. ऑडी आणि स्कोडा शेंद्र्यात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत जोडल्या गेल्या. या गाड्यांना आयातीचा दर लागत नाही, दहा हजारांत काम होतं. तेव्हा आधी आरसी बुक काढून बघा, मग रक्तदाब वाढवा.

खरं दुखणं फीचं नाहीच. पाच वर्षांतून एकदा दहा हजार म्हणजे या गाड्यांच्या एका हेडलाइटपुढे काहीच नाही. २००५ मध्ये मीरा रोडला फ्लॅट येईल एवढ्या पैशांत घेतलेली ई-क्लास आज नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्तात मिळते, आणि ‘पाच लाखांत मर्सिडीज’ म्हणून रील्स काढणारे एवढंच सांगून थांबतात. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. लोअर आर्म, एअर सस्पेन्शनचा फुगा, गिअरबॉक्सचा कंट्रोलर हे सगळं अजूनही त्या मूळ किमतीच्या गाडीचं असतं. एक मोठं बिल आलं की मालक गाडीला कव्हर घालतो, आणि पुढचा पावसाळा त्या कव्हराखाली तिचं उरलंसुरलं वाटोळं करतो.

या चक्रातून बाहेर पडलेले एक काका मीरा रोडला भेटले. विमानांच्या देखभाल विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांची २००५ ची ई-२४० आहे, तिसऱ्या हाताने घेतलेली. “नाव छापू नका, सेक्रेटरी पुरवणी वाचतो,” ही त्यांची एकमेव अट. सोसायटीच्या आवारात गाडी धुवायलाही मनाई आहे, त्यामुळे काकांचं वर्कशॉप म्हणजे रविवारी सकाळचे दोन-तीन तास, एक गोणपाट आणि डिकीतला फोमचा तुकडा. त्या फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेली आहे. काम संपल्यावर खाच रिकामी दिसली की बोनेट बंद करायचं नाही. “विमानात पाना विसरला तर पाचशे मैलांवर कळतं. ती सवय गेली नाही.”

घरच्या घरी दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडीखाली आडवा झालेला माणूस येतो. काका सहसा खाली जातच नाहीत. त्यांच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर वरूनच निघतो आणि जुनं तेल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढता येतं. त्यात कमीपणा काही नाही, कंपनीच्या वर्कशॉपांतही हीच रीत चालते. आठ लिटर तेल लागतं, आणि ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मंजुरी क्रमांकाचंच हवं. डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. प्लग बदलायला मात्र अख्खी सकाळ जाते, कारण या व्ही-६ मध्ये सहा सिलिंडरना बारा प्लग आहेत आणि मागच्या बाजूचे डोळ्यांना दिसत नाहीत, नुसते हाताला लागतात.

पण काकांचा खरा जीव आहे तो पाण्याच्या निचऱ्यात. त्यावर ते तासभर बोलले आणि मला ते इतकं पटलं की या लेखाची बरीचशी जागा त्यालाच देतो आहे.

पुढच्या काचेवरून ओघळणारं पाणी वायपरखालच्या जाळीतून एका पन्हाळीत पडतं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या रबरी तोंडांतून चाकामागे खाली सुटतं. युरोपातल्या बेताच्या पावसाला ही सोय पुरते. आपल्याकडे गाडी गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहराचं इवलंसं पान जाळीतून अलगद आत जातं, धुळीबरोबर त्याचा चिखल होतो आणि रबरी तोंडाला बूच बसतं. मग जुलैतल्या एका रात्रीत पन्हाळ भरते. पाणी वाट शोधतं ती केबिनच्या एसी फिल्टरकडून आत, नाहीतर बाजूच्या फ्यूजबॉक्सकडे. मर्सिडीजमध्ये त्या पेटीतच दिवे, वायपर, हॉर्न यांचा कारभार पाहणारं मॉड्यूल बसलेलं असतं. जुन्या ऑडी ए-६ आणि शेंद्र्यात जोडलेली पहिली सुपर्ब यांचं दैव आणखी वाईट, कारण त्यांचे काही कंट्रोलर चक्क पायाखालच्या गालिच्याखाली, फोममध्ये खोचलेले आहेत. वरून गालिचा कोरडा असतो, खाली तळं साचलेलं असतं. मग एके दिवशी काचा आपोआप खाली येतात, रात्री हॉर्न वाजतो आणि मालक म्हणतो, “जर्मन गाडीचं इलेक्ट्रिकल बेकार.”

यावर काकांचं हत्यार म्हणजे खिडकीच्या पडद्याची प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, वाकते पण मोडत नाही, आणि रबर फाडत नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाळी उचकटायची, चिखल हाताने काढायचा, स्प्रिंग हलके फिरवत तोंडातून खाली उतरवायची, मग तांब्याभर पाणी ओतून चाकामागे वाकून बघायचं. धार पडली पाहिजे. थेंब थेंब आलं तर अजून काम बाकी आहे. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांना हीच तऱ्हा, फक्त तिथे कंप्रेसरची हवा मारायची नाही. आतल्या आत नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी थेट छताच्या कापडात. सगळं मिळून तासाभराचं काम. ते टाळल्यामुळे भंगारात गेलेल्या गाड्या काकांनी बोटांवर मोजून दाखवल्या, आणि बोटं पुरली नाहीत.

मीरा-भाईंदरचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे खारी हवा. खाडी आणि मिठागरांचा हा पट्टा. समुद्र उत्तनला दिसत असला तरी मीठ सगळीकडे पोचतं. जुन्या गाडीत ते सगळ्यात आधी अर्थिंगच्या पट्ट्यांवर बसतं. बॅटरीची आणि बॉडीची जोडणी हिरवट झाली की व्होल्टेज पडतं, आणि त्या काळातल्या मर्सिडीज-बीएमडब्ल्यूंचे संगणक कमी व्होल्टेजला वाटेल त्या तक्रारी दाखवू लागतात. ‘एअरबॅग’, ‘एबीएस’, ‘गिअर’ असे तीन दिवे एकदम लागले तर काका आधी पॉलिश पेपर काढतात, स्कॅनर नंतर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायचं हे मात्र कुणी पाळत नाही.

काकांचा आवडता किस्सा गिअरबॉक्सचा. या गाडीतल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला डिपस्टिकची नळी आहे, पण आत डिपस्टिकच नाही. वर सील केलेलं टोपण. मालकाने तेल बघूच नये असा त्याचा सरळ अर्थ. हे तेल आयुष्यभर पुरेल, असं कंपनी सुरुवातीला सांगत होती आणि नंतर तिनेच ६० हजार किलोमीटरला बदला म्हणून सांगितलं. या गिअरबॉक्सच्या कुशीत वायरींचा एक तेरा पिनांचा प्लास्टिकचा जोड आहे. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल झिरपतं, आणि ते खाली न सांडता वायरींच्या आतून चढत चढत थेट कंट्रोलरपर्यंत जातं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि अंदाजपत्रक येतं ते नव्या कंट्रोलरचं, कधी अख्ख्या गिअरबॉक्सचं. काका म्हणतात, आधी कंट्रोलरचा प्लग काढून बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर तो जोड बदला, कंट्रोलर स्प्रेने धुऊन वाळवा आणि मग काय ते बोला. पुष्कळदा तेवढ्यावर निभावतं.

आणि हात लावायचाच नाही असं काय? इथे काकांचा आवाज बदलला. २००६ च्या फेसलिफ्टपूर्वीच्या या ई-क्लासमध्ये ब्रेक विजेच्या पंपावर चालतात. पायाचा जोर थेट चाकापर्यंत जात नाही. ही यंत्रणा इतकी वादग्रस्त ठरली की २००४ मध्ये कंपनीने जगभरातून ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या, आणि पुढे ती काढूनच टाकली. गाडी अनलॉक केली किंवा दार उघडलं की पंप आपोआप जागा होतो. ब्रेकपॅड बदलताना यंत्रणा बंद केलेली नसेल आणि कुणी सहज रिमोटचं बटण दाबलं, तर कॅलिपर पूर्ण दाबाने मिटतो. “मुलगा गाडीतून चार्जर काढायला आला एवढं पुरतं. बोट राहत नाही.” हा पंप किती वेळा ब्रेक दाबला हेही मोजत असतो आणि ठरलेला आकडा ओलांडला की लाल अक्षरांत वर्कशॉपला जायला सांगतो. तो आकडा शून्यावर आणून देणारे लोक आहेत. काकांच्या मते तो खेळ स्वतःच्या जिवाशी. एअरबॅग, सस्पेन्शनची स्प्रिंग आणि हे ब्रेक, या तीन गोष्टींना ते स्वतः हात लावत नाहीत. चाकाचे बोल्ट मात्र दुसऱ्या कुणाला आवळू देत नाहीत : टॉर्क रेंच, १३० न्यूटन-मीटर, त्याच्यावर पाय ठेवून उडी मारायची नाही.

सुट्या भागांची गोष्ट निघाली की रागही निघतो. मर्सिडीजच्या पार्ट नंबरात ‘ए’ नंतरचे पहिले तीन आकडे पुष्कळदा मॉडेल सांगतात. २११ म्हणजे ही ई-क्लास. तो नंबर घेऊन ऑपेरा हाऊसच्या दुकानांत गेलं की तोच भाग मूळ उत्पादकाच्या खोक्यात मिळतो, लेमफर्डर, साक्स, माले, बॉश यांच्या. कधी कधी भागावर चांदणी खरवडून काढल्याची खूणही दिसते. पैसे त्या चांदणीचे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दरवाजा, आरसा, सीटची मोटर आणायला हरकत नाही. ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा भाग आणू नये.

कुलूप फक्त गिअरबॉक्सच्या टोपणाला नव्हतं. सुटे भाग आणि तपासणीची सॉफ्टवेअरं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यात मर्सिडीज, बीएमडब्ल्यूही होत्या आणि मारुती, टाटाही. त्यानंतर अपिलं आणि कोर्टबाजी. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल उघडलं, त्यात मोटारी आहेत. पण पोर्टलवर नाव असणं आणि काशीमिऱ्याच्या गॅरेजवाल्याला कंपनीचं सॉफ्टवेअर रीतसर, परवडेल अशा भाड्याने मिळणं यात बरंच अंतर आहे. तोवर तो क्रॅक केलेली प्रत वापरणार, आणि त्याला चोर म्हणायला निदान माझी जीभ रेटत नाही.

सरकारचा कल मात्र गाडीच्या वयाकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून फटकारल्यावर मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, हे पाहायला राज्याने समिती नेमली. हेतू वाईट नाही. पण बारा प्लग वेळेवर बदललेली वीस वर्षांची गाडी आणि सात वर्षांत एकदाही सर्व्हिस न झालेली टॅक्सी यांतली जास्त घाण कोण करते, हे जन्मतारखेवरून कळत नाही. शिवाय सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणून जुन्या गाडीचं काम सरकारनेच वाढवलं आहे. काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच कबूल केलं. काकांनी इंधनाच्या रबरी नळ्या आधीच बदलून घेतल्या आहेत.

मीरा-भाईंदरला स्वतःचं आरटीओ आणि ‘एमएच-५८’ हा क्रमांक २०२५ मध्ये मिळाला. काकांच्या गाडीवर अजून ठाण्याचा ०४ आहे आणि तपासणीसाठी ती तयार आहे. एकच प्रश्न सुटलेला नाही : उपसलेलं आठ लिटर काळं तेल. कायद्याने हा घातक कचरा आहे. एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवर तो परत गोळा करण्याची जबाबदारीही आहे. प्रत्यक्षात एखादा हौशी मालक ते गटारात ओततो आणि गटार खाडीत जातं. काका कॅन भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन टाकतात, पण ओळखीचं गॅरेज सगळ्यांना नसतं. महापालिकेने प्रत्येक प्रभागात असं एक पिंप ठेवावं म्हणून ते अर्ज लिहीत होते. सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावा, असं मी सुचवलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. “म्हणजे मग सेक्रेटरीला सांगावं लागेल तेल कुठून आलं ते!”