पुस्तक नावडतें, वाचन आवडतें

एखाद्या कादंबरीच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाव्या, घरोघर तिचें नांव व्हावें, आणि आपण ती हातीं घेतल्यावर चाळीस पानांपुढें मन जाऊं नये, असा प्रसंग पुष्कळ वाचकांवर येत असेल. माझ्यावर तो गेल्या वर्षीं आला. पात्रें ठोकळेबाज, वर्णनें पाल्हाळाचीं, आणि जें एका वाक्यांत सांगतां यावें त्याला तीन वाक्यें! जन्मभर मुलांच्या निबंधांवर तांबडी शाई चालविलेल्या माझ्या हातानें तें पुस्तक मुकाट्यानें फडताळांत ठेवून दिलें.

पुढें माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. कांहीं दिवस वाचन बंद. सोलापूरच्या उन्हाळ्यांतली दुपार सरतां सरेना. तेव्हां धाकट्या नातीनें आपला मोबाइल उशाशीं ठेवला व म्हणाली, "आजोबा, वाचूं नका, नुसतें ऐका." ऐकतों तों तीच कादंबरी! मी मनांत चडफडलों. परंतु वाचणाराचा आवाज मोठा समंजस होता. पाल्हाळ आला कीं तो भरभर चाले. ठोकळेबाज पात्राच्या तोंडीं असा कांहीं हेल देई, कीं तो मनुष्य समोर उभा राही. एके ठिकाणीं बापाच्या मृत्यूची वार्ता आली, तेथें तो क्षणभर थांबला. तो विराम छापील पानावर नव्हता. डोळ्यांत पाणी येऊं देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. तें पथ्य त्या दिवशीं मोडलें.

माझें पहिलें मत चुकलें कीं काय, अशी शंका आली. डोळा बरा झाल्यावर तींच पानें पुन्हां वाचून पाहिलीं. तीं पूर्वींइतकींच फिकीं! तेव्हां लिहिणें ही एक कला व वाचून दाखविणें ही दुसरी, हें कबूल करणें भाग पडलें.

आपल्या शास्त्रकारांना हें नवीन नव्हतें. जें रंगभूमीवर दाखवावयाचें तें दृश्य काव्य. बाकी सर्वाला ते श्रव्य म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभींच्या राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त काकूचा, म्हणजे स्वराच्या फेरानें अर्थ कसा पालटतो याचा, आणि पठनाच्या गुणदोषांचा विचार केला आहे. काव्य रचणें कसेंबसें साधतें, परंतु तें म्हणणें ज्याला सरस्वती सिद्ध त्यालाच साधतें, असा त्याचा अभिप्राय. यंत्राची कल्पनाही जुनीच. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या उपयोगांत अंधांसाठीं बोलतीं पुस्तकें गणलीं. १९३५ सालीं इंग्लंडांत अंध वाचकांकरितां ध्वनिमुद्रिकांवर पुस्तकें निघूं लागलीं. २०१७ सालीं स्वीडनची 'स्टोरीटेल' ही संस्था भारतांत आली, आणि मोबाइलवर मराठी पुस्तकें ऐकण्याची चाल वाढली.

परंतु सोलापूरकरांना ह्या गोष्टीसाठीं स्वीडनपर्यंत जावयास नको. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ रचणारे श्रीधरस्वामी आमच्याच जिल्ह्यांतील, सांगोला तालुक्यांतल्या नाझऱ्याचे. 'पांडवप्रताप' १७१२ सालीं पुरा झाला. एकानें वाचावा व दहांनीं ऐकावा, अशीच ह्या ग्रंथांची घडण आहे. मी मात्र संस्कृताचा अभिमानी. व्यासांच्या भारतापुढें तो मला पातळ वाटे.

आमचे थोरले बंधू दर श्रावणांत तो वाचीत, आणि वहिनी वाती वळीत ऐकत. बंधू गेल्यावरच्या पहिल्या श्रावणांत वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, यंदा पोथी तुम्ही वाचाल का?" मी म्हणालों, "त्यांत काय आहे, वहिनी? मूळ भारताचें चांगलें भाषांतर आणून देतों, सावकाश वाचा." भाषांतर आणून दिलेंही. त्याचें पान उलटलें गेलें नाहीं. आणि पोथी सात वर्षें बासनांत राहिली. वहिनींनीं पुन्हां विचारलें नाहीं.

मोबाइलवरची ती कादंबरी ऐकल्यावर मला माझें उत्तर आठवलें व लाज वाटली. वहिनींना कथा हवी होती थोडीच? ती त्यांना पाठ होती. त्यांना घरांत पोथीचा आवाज हवा होता.

यंदाच्या श्रावणांत मीं बासन सोडलें. पहिल्या दिवशीं वहिनी एकट्याच होत्या. चौथ्या दिवशीं सुनाही येऊन बसल्या. माझा आवाज घोगरा, आणि ओवीची चाल शाळेंत कविता शिकवावी तशी. एके दिवशीं मी घाईनें पुढें निघालों, तों वहिनी हलकेच म्हणाल्या, "भाऊजी, इथें हे थांबायचे." मीही थांबलों.

गाजलेलें पुस्तक आवडलें नाहीं, तर तें खुशाल बाजूस ठेवावें; त्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु घरांतल्या कोणीं "वाचून दाखवा" म्हटलें, तर मात्र पुस्तकाची परीक्षा करीत बसूं नये.