झाडं लावली, डोंगर थांबला. तोडली आणि खाली आला! न्यूझीलंडमध्ये नेमकं काय झालं?

डोंगर धरून ठेवायचा तर झाडं लावा, हे आपण शाळेपासून ऐकतोय. ते खरंच आहे. पण ती झाडं तोडताना काय होतं, हे न्यूझीलंडच्या गिझबर्न भागाने भोगलंय.

तिथले डोंगर मऊ, लगेच झिजणाऱ्या दगडाचे. मेंढ्यांच्या चराईसाठी मूळचं जंगल साफ केलेलं. मार्च १९८८ मध्ये 'बोला' चक्रीवादळ आलं आणि उतार जागोजागी घसरले. मग सरकारी मदतीने तिथे रेडियाटा पाईन लावला. सुईसारख्या पानांचं, झपाट्याने वाढणारं हे झाड. ती वाढली तशी घसरण बरीच कमीही झाली.

अडचण आली तोडणीला. हा पाईन साधारण २५ ते ३० वर्षांत तोडतात. एकदम लावलेला अख्खा उतार एकदमच बोडका होतो. आपला साग तोडला तर बुंध्याला फुटवे येतात, मुळं जिवंत राहतात. हा पाईन फुटतच नाही. मुळं मरतात, दोन-तीन वर्षांत कुजून पकड सोडतात. नवीन रोपं लगेच लावली तरी त्यांची मुळं एकमेकांत गुंतायला आणखी वेळ लागतो. मधली पाच-सहा वर्षं मातीला धरणारं कुणीच नसतं. तेवढ्यात एक मोठा पाऊस पुरे.

त्यात ट्रकसाठी डोंगर कापून केलेले रस्ते. वर फांद्या, शेंडे, टाकाऊ ओंडके तिथेच पडलेले, कारण ते खाली आणणं परवडत नाही. जून २०१८ मध्ये टोलागा बे इथे हे सगळं चिखलासकट वाहत आलं, किनारा ओंडक्यांनी भरला. फेब्रुवारी २०२३ च्या 'गॅब्रिएल' वादळात पुन्हा तेच. त्यानंतरच्या सरकारी चौकशीत, एका पाणलोटात एका वर्षी किती जंगल तोडायचं याला मर्यादा घाला, असं सुचवलं गेलं.

कोकणातही डोंगरउतारावरचं मालकीचं रान ठेकेदाराला उभंच्या उभं विकतात. आपली बरीच झाडं पुन्हा फुटतात, हे नशीब! पण जेसीबीने बुंधे उपटले तर मुळं कुजायचीही वाट बघावी लागत नाही. म्हणून सौद्याच्या कागदावरच लिहून घ्या: तोड पट्ट्यापट्ट्याने, दोन-तीन वर्षांत, बुंधे जाग्यावर, ओढ्याकाठची झाडं राखायची, फांद्या ओढ्यात टाकायच्या नाहीत. ठेकेदार कुरकुर करेल, पुन्हा पुन्हा मजूर आणायचा खर्च दाखवून भावही थोडा पाडून मागेल.