नलारबॉर ओलांडताना : कॅरव्हॅन, कांगारू आणि १४६.६ किलोमीटरचा सरळ रस्ता

आजचा भाग आहे कॅरव्हॅन प्रवासावर. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला धरून ॲडलेडहून पर्थला जायचं, तेही गाडीमागे घर जोडून. रील्समध्ये हे फार भारी दिसतं. समुद्र, चहाचा कप, मागे सूर्यास्त वगैरे. पण त्या चहापर्यंत पोचायला काय काय लागतं, ते आज बोलू.

मी हा प्रवास माझ्या मामा-मामींबरोबर केला. मामा ६७ वर्षांचे, बायपास झालेली. त्यांची बरीच वर्षांची इच्छा होती. मामींचा प्रश्न मात्र एकच होता: "अरे, तिथे मध्येच यांना काही झालं तर?" आमची सगळी तयारी या एका प्रश्नाभोवती झाली. म्हणून हा भागही त्याच क्रमाने सांगतो.

आधी वजन, मग सामान

कॅरव्हॅन म्हणजे इंजिन नसलेलं, गाडीने ओढायचं घर. जिच्यात गाडी आणि घर एकत्र असतं ती मोटरहोम. ओढायची म्हटली की पहिला विषय वजनाचा येतो, आणि बहुतेक लोक इथेच फसतात.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "ही गाडी ३५०० किलो ओढते". पण गाडी आणि कॅरव्हॅन मिळूनही एक कमाल मर्यादा असते. समजा ती ६००० किलो आहे. मागे ३५०० किलो लावले तर गाडीला उरले २५००. गाडीचं स्वतःचंच वजन २२०० असेल, तर माणसं, सामान, छतावरचं कॅरियर या सगळ्याला मिळून राहिले फक्त ३०० किलो. चार माणसं बसली की संपलं!

म्हणून आम्ही सगळं भरून, पाण्याची टाकीसुद्धा भरून, कॅरव्हॅन वजनकाट्यावर नेली. २२०० किलो भरली. दुसरी गोष्ट, कॅरव्हॅनचं साधारण १० टक्के वजन पुढच्या जोडावर यावं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे आमच्यासाठी २२० किलो. जड सामान मागच्या टोकाला ठेवलं तर पुढचा जोड हलका होतो आणि वेगात कॅरव्हॅन शेपटीसारखी डोलायला लागते. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे. त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरजवळच असतो. तो कुठे आहे हे निघण्याआधी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

झाडं नाहीत, कारण पाणी टिकत नाही

सेडुना ते नॉर्समन हे अंतर साधारण १२०० किलोमीटर. या रस्त्याचं नाव एअर हायवे. १८४०-४१ मध्ये इथून चालत गेलेल्या एडवर्ड जॉन एअर यांच्यावरून ते पडलं. रस्ता पूर्ण डांबरी व्हायला मात्र १९७६ साल उजाडलं.

नलारबॉर हा शब्द लॅटिनमधून बनवलाय. अर्थ, एकही झाड नाही. इथे खाली प्रचंड चुनखडीचा थर आहे. आधीच पाऊस कमी, त्यात पडलेलं पाणी भेगांमधून खाली उतरतं. त्यामुळे वर नद्या नाहीत. प्रवाशासाठी याचा अर्थ सरळ आहे: पाणी आपलं आपण न्यायचं. रोडहाउसवर फुकट टाकी भरून मिळेल असं धरून चालू नका. दोन रोडहाउसमधलं अंतर काही ठिकाणी १८०-१९० किलोमीटर आहे आणि कॅरव्हॅन ओढताना इंधन बरंच जास्त लागतं. समोरून वारा असेल तर आणखी. आम्ही टाकी अर्धी झाली की भरायचोच.

बॅलाडोनिया ते कायगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. मुंबई-पुणे अंतर जवळपास तेवढंच. विचार करा, लोणावळा नाही, घाट नाही, वडापाव नाही! इथे खरा शत्रू डुलकी. दर दोन तासांनी ड्रायव्हर बदलायचा, हा आमचा नियम.

आणि रोड ट्रेन. एका ट्रकमागे तीन-चार डबे जोडलेले. ऑस्ट्रेलियात त्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असू शकतात. ती ताशी ९० ने चाललीय आणि तुम्ही १०० ने ओव्हरटेक करताय असं धरा. पुढे-मागे थोडं अंतर सोडून हिशोब केला तर पाऊण मिनिट लागतं आणि तेवढ्यात तुम्ही सव्वा किलोमीटरहून जास्त जाता. घाई नसेल तर मागेच राहा. ट्रकवाले चॅनल ४० वर असतात, गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर बोलताही येतं.

कांगारू, कांदे आणि ४५ मिनिटं

सूर्य मावळायच्या आत थांबायचं. यात तडजोड नाही. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात. शिवाय वॉम्बॅट आणि उंटसुद्धा. तिघांचं चित्र असलेली पिवळी पाटी इथली प्रसिद्ध आहे.

दुसरी गंमत, पश्चिमेला जाताना राज्याच्या सीमेवर क्वारंटाइन तपासणी होते. ताजी फळं, भाज्या, मध पुढे नेता येत नाही, कारण शेतीवरची कीड पसरू नये. आदल्या रात्री मामींनी उरलेल्या सगळ्या भाज्यांची मिसळण करून टाकली. उलट दिशेने आलात तर हीच तपासणी सेडुनाला असते.

युक्लाच्या आसपास घड्याळ पर्थच्या ४५ मिनिटं पुढे. ही वेळ अधिकृत नाही, पण तिथले लोक पाळतात. अर्ध्या तासाचा हिशोब आपल्याला सवयीचा, पाऊण तासाचा नवीनच!

आणि हो, हिवाळ्यात, म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर, हेड ऑफ बाइट इथे कड्यावरून सदर्न राइट व्हेल आणि त्यांची पिल्लं दिसतात. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. मामा दीड तास कठड्याला धरून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

मामींच्या प्रश्नाचं उत्तर

१९२८ मध्ये जॉन फ्लिन यांनी क्लॉनकरी इथून विमानाने डॉक्टर पोचवायची सेवा सुरू केली. आज ती रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. एअर हायवेवर काही ठिकाणी रस्ताच धावपट्टी म्हणून रंगवलाय, विमान थेट रस्त्यावर उतरतं. पण मदत येण्याआधी ती मागता आली पाहिजे. लांब पट्ट्यांत मोबाइलला रेंज नसते. म्हणून आम्ही उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं लोकेटर बीकन बरोबर ठेवलं. रेंज असेल तर इमर्जन्सी नंबर ०००.

मामांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारलं. औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दुप्पट घेतली, दोन वेगळ्या बॅगांत. आजारांची आणि गोळ्यांची इंग्रजी यादी गाडीच्या कप्प्यात. रोज कुठे मुक्काम, हे ॲडलेडला शेजाऱ्यांना कळवलेलं. बीकन वापरावं लागलं नाही. पण ते होतं म्हणून मामींना झोप लागली, हेही काही कमी नाही.

तर तुमच्या घरातही कुणी "आता या वयात कुठे" म्हणत असेल, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. वही घ्या आणि चार गोष्टी लिहा: वजन, पाणी, औषधं, संपर्क. चारही जमल्या तर बुकिंग करा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!