आजीच्या अडकित्त्याचे म्यान

आमच्या आजोबांनी एका जर्मन सेनापतीचे पिस्तूल हिसकावून आणले आहे, असे मी शाळेत असताना छातीठोकपणे सांगत असे. ते धादांत खोटे होते. घरात होते ते नुसते पिस्तुलाचे चामडी म्यान; होल्स्टर म्हणतात ते. आजोबा मराठा पलटणीतून इटलीच्या लढाईत गेले होते. पिस्तूल तिकडेच जमा झाले आणि म्यान आजीच्या हाती आले. तिने त्यात अडकित्ता ठेवला आणि बाजूच्या छोट्या कप्प्यात चुन्याची डबी!

आजीमागे ते माझ्याकडे आले आणि मला संग्रहाचे वेड लागले. युद्धातली पिस्तुले, म्याने, पट्ट्यांची बक्कले, टोप्यांवरचे बिल्ले जमवणारी माणसे जगभर आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही. तेव्हा माझ्यासारख्याची धाव चामड्यापर्यंत! पण वाचकहो, खरी मौज त्या चामड्यातच आहे.

जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि शक नोंदवतो. म्यानाचीही अशी पुष्पिका असते. ती पाठीवर ठशांनी उमटवलेली. आमच्या म्यानावर 'पी ०८' असा ठसा आहे. म्हणजे हे ल्यूगर पिस्तुलाचे घर. जर्मन भूसेनेने १९०८ साली ते स्वीकारले, म्हणून तो आकडा. गोळी सुटली की त्याचा माथ्यावरचा सांधा माणसाच्या कोपरासारखा दुमडून वर येतो. त्याखाली १९४१ हे साल, तपासनिसाचा गरुड आणि कारखान्याच्या नावाऐवजी नुसती सांकेतिक अक्षरे. माल कुठे तयार होतो हे शत्रूला कळू नये म्हणून. आजीच्या चुन्याचा कप्पा खरा जादा मॅगझिनचा, आणि झाकणाच्या आत दडलेला खिसा पिस्तूल खोलण्याच्या हत्याराचा.

संग्राहक मोठे चिकित्सक. ल्यूगरच्या बारीकसारीक भागांवरही क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. एक भाग परका निघाला की किंमत उतरते. रशियनांनी जप्त केलेली कित्येक पिस्तुले खोलून पुन्हा जुळवली. त्यात एकाचे अवयव दुसऱ्याला लागले. बिल्ल्यांचे तर विचारूच नका. खऱ्यांहून नकलीच बाजारात फार. पाठभेद तपासावेत तसे ठसे तपासावे लागतात.

याच अभ्यासात माझा सेनापती निकालात निघाला. पिस्तूल केवळ अधिकाऱ्यांनाच मिळत नसे. मशीनगन चालवणाऱ्या साध्या शिपायालाही ते दिले जाई. झाकणाच्या आत टोकदार वस्तूने कुणीतरी नाव खरवडले आहे. त्यातली तीनच अक्षरे आता वाचता येतात.

मध्यंतरी एका परदेशी संग्राहकाने छायाचित्रे पाहून त्याला मागणी घातली. रक्कम दिवाळीचा सगळा खर्च निघावा एवढी होती. त्याने लिहिले, "आतल्या नावाने किंमत वाढते, पांढऱ्या डागांनी मात्र कमी होते. तेवढे डाग काढता आले तर पाहा."

मी ओले फडके घेऊन बसलो. एक कोपरा पुसलाही. मग हात थांबला. लहानपणी मी आजोबांना विचारले होते, "हे कुणाचं होतं हो?"

ते बराच वेळ सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, "होता एक पोरगा. तहान लागली होती त्याला."

पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. त्याला पाणी मिळाले का, तो घरी परतला का, हे कुठल्याच ठशावरून कळत नाही. पण त्याचे नाव ठेवून आजीचा चुना पुसायचा, हे काही माझ्याच्याने होईना.

संग्राहकाला मी नकार कळवला. परवा दिवाळीची झाडलोट करताना म्यानाला हलकेच तेलाचा हात फिरवला, चुन्याचे डाग सांभाळून, आणि अडकित्ता पुन्हा जागच्या जागी ठेवला.