भारतीय स्पिट्झ
भारतीय स्पिट्झ : सोबतीसाठी व राखणीसाठी घरात पाळला जाणारा लहान बांध्याचा कुत्रा. महाराष्ट्रात यालाच सामान्यतः ‘पॉमेरियन’ किंवा ‘पॉम’ म्हणतात. परंतु खरा पॉमेरेनियन याहून पुष्कळ लहान असून त्याचे वजन सु. १·५–३·५ किग्रॅ. असते. त्याचे नाव बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॉमेरेनिया या प्रदेशावरून पडले आहे. दोन्हींचे मूळ यूरोपातील स्पिट्झ गटात आहे. ब्रिटिश अमदानीत भारतात आणलेल्या स्पिट्झ कुत्र्यांच्या येथील पैदाशीतून भारतीय स्पिट्झ तयार झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो मध्यमवर्गीय घरांत विशेष लोकप्रिय झाला. हम आपके हैं कौन (१९९४) या हिंदी चित्रपटातील ‘टफी’ हा याच प्रकारचा कुत्रा होय.

लक्षणे : डोके पाचरीसारखे, मुस्कट टोकदार, कान लहान, त्रिकोणी व ताठ आणि शेपटी झुपकेदार व पाठीवर वळलेली असते. रंग बहुधा पांढराशुभ्र असतो; काळे व तपकिरी कुत्रेही आढळतात. लहान प्रकाराचे वजन सु. ५–७ किग्रॅ., तर मोठ्या प्रकाराचे १२–२० किग्रॅ. असते. कातडीलगत दाट, मऊ लव आणि तीवर लांब, सरळ केस असे आवरणाचे दोन थर असतात. आयुर्मर्यादा सु. १०–१४ वर्षे आणि गर्भावधी सु. ६३ दिवस असतो.

स्वभाव : हा चपळ, बुद्धिमान, अतिशय सावध व घरच्या माणसांना लळा लावणारा आहे. परक्याची चाहूल लागताच तो भुंकू लागतो. त्याला फार वेळ एकटे ठेवल्यास तो बेचैन होतो, सतत भुंकतो वा वस्तू कुरतडतो. लहान दिसतो म्हणून त्याच्या गुरगुरण्याकडे व चावण्याकडे कौतुकाने पाहिले जाते आणि ती खोड पुढे जाता जात नाही. म्हणून पिलू दोनतीन महिन्यांचे असल्यापासूनच त्याला माणसांची, मुलांची व हाताळण्याची सवय लावतात. कुत्रा खात असताना वा झोपला असताना मुलांनी त्याला छेडू नये.

निगा : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असून तेथील उन्हाळा कोरडा व कडक असतो. एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या आसपास जाते. अशा ठिकाणी थंड प्रदेशातून आलेल्या या दाट केसांच्या कुत्र्याची निगा मुख्यतः उष्णतेच्या दृष्टीने ठेवावी लागते. कुत्र्याला घाम नाममात्रच येतो. धापा टाकून तो शरीर थंड ठेवतो. त्याला पत्र्याच्या खोलीत, बंद मोटारीत किंवा गच्चीवर बांधून ठेवणे घातक ठरते. फिरवणे सकाळी लवकर व सूर्यास्तानंतर असावे आणि सावलीत ताजे पाणी सदैव असावे. उन्हाळ्यात केस मुळापासून भादरण्याची चाल चुकीची आहे. त्यामुळे कातडी उन्हाने भाजते व केस पुन्हा नीट उगवतीलच असे नाही. त्याऐवजी रोज विंचरून सुटलेली लव काढावी. जोराची धाप, लाल हिरड्या, दाट लाळ, उलट्या व तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

आहारात मांस, अंडी व भात वा भाकरी यांचा प्रमाणशीर मेळ असावा. केवळ दूध-भाकरीवर पोषण पुरे होत नाही. फोडणीची आमटी-भाजी देऊ नये. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तकोशिका फुटून रक्तक्षय होतो. कांदा हे जिल्ह्यातील महत्त्वाचे पीक असल्याने ही काळजी विशेष घ्यावी. द्राक्षे, मनुका व चॉकलेट हीही विषारी ठरतात.

रोग : लहान जबड्यात दात दाटीने असल्यामुळे त्यांवर कीटण साचून हिरड्यांचे विकार होतात. गुडघ्याची वाटी सरकणे व उतारवयात श्वासनाल चपटी होऊन कोरडा खोकला येणे हे लहान कुत्र्यांचे नेहमीचे विकार असून लठ्ठपणाने ते बळावतात. दाट केसांत गोचिडी सहज लपतात. त्यांच्यामुळे एर्लिकिया व बबेसिया या सूक्ष्मजीवांचा संसर्ग होऊन ताप, भूक मंदावणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच उपचार झाल्यास कुत्रा बहुधा बरा होतो. न व्यालेल्या प्रौढ माद्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. वंध्यीकरणाने तो टळतो.

डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने टोचतात. अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात व त्यानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे देतात. घराबाहेर न जाणाऱ्या कुत्र्याला ही लस नको, हा समज धोक्याचा आहे. अंगणात शिरलेल्या बाधित प्राण्याचा एक चावाही रोग होण्यास पुरेसा असतो. लक्षणे उमटल्यावर हा रोग कुत्र्यात व माणसात जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे पाळीव कुत्रा चावला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.